अँजिओग्राफी हृदयाची, गाठ दिसली फुप्फुसात. पुढे काय?

सडासारवण

नमस्कार मंडळी. सल्ला हवा आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

बाबा ६६ वर्षांचे. एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. बिडी भरपूर ओढायचे, निवृत्तीच्या आधीच सोडली. गेले काही महिने जिना चढताना छातीवर दडपण येतं म्हणत होते. टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल आला, ट्रेडमिल टेस्ट 'बॉर्डरलाइन'. कार्डिओलॉजिस्ट म्हणाले, थेट कॅथलॅबमध्ये (नळी घालून अँजिओग्राफी करतात तिथे) न्यायच्या आधी सीटी अँजिओ करून बघू. केली. एका रक्तवाहिनीत ३० टक्क्यांपेक्षा कमी अडथळा, स्टेंटची गरज नाही, गोळ्या घ्या आणि चाला. आईने त्याच संध्याकाळी अंबाबाईला नारळ वाढवला.

मग भाऊजींनी रिपोर्ट सावकाश वाचला. सगळा हृदयाचा, आणि अगदी खाली 'इतर निरीक्षणे' म्हणून एक ओळ: उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात ७ मिमीची सॉलिड नोड्यूल (म्हणजे भरीव गाठ), क्लिनिकल कोरिलेशन (रुग्णाच्या लक्षणांशी ताडून बघणे) करावे. कार्डिओलॉजिस्टना फोन केला तर ते म्हणाले, "हृदय उत्तम आहे, त्या गाठीसाठी छातीच्या डॉक्टरांना दाखवा." त्यांचंही बरोबरच असेल, पण आमच्या पायाखालची जमीन सरकली.

घरात दोन तट पडलेत. मामा म्हणतात उद्याच्या उद्या पेट स्कॅन करा. आत्या म्हणते सुई टोचली की पसरतं, हातच लावू नका. बाबांना अजून काही सांगितलेलं नाही.

हृदयाच्या तपासणीत फुप्फुस आलंच कसं? ७ मिमी म्हणजे मोठी की लहान? आणि पहिलं पाऊल काय टाकायचं?

चकलीसोऱ्या

सडासारवण, आधी पाणी प्या. माझ्या काकांनाही असंच काहीतरी सांगितलं होतं, शेवटी टीबीचा जुना डाग निघाला. फिल्मवाला डॉक्टर धाग्यावर येतीलच. वाचतोय.

फिल्मवाला

आलो. (रेडिओलॉजिस्ट आहे. इथलं लिहिणं म्हणजे तपासणी नव्हे, हे नवीन सभासदांसाठी.)

पहिला प्रश्न आधी. सीटीच्या यंत्राला हृदय तेवढं वेगळं काढून दाखवता येत नाही. किरण छातीच्या आरपार जातात, त्यामुळे श्वासनलिका जिथे दुभंगते तिथपासून पोटाच्या पडद्याच्या थोडं खालपर्यंत जे जे आहे, त्या सगळ्याची माहिती यंत्रात जमा होते. फुप्फुसांचा मधला-खालचा भाग, अन्ननलिका, छातीतल्या लसीका ग्रंथी, स्तनांचा काही भाग, फासळ्या, मणके, यकृताचा वरचा तुकडा. हृदयाच्या रक्तवाहिन्या जेमतेम ३-४ मिमीच्या, त्या ठळक दिसाव्यात म्हणून आम्ही फक्त मधला चौकोन मोठा करून बघतो. शाळेच्या ग्रुप फोटोतून एकाच मुलाचा चेहरा मोठा करून छापावा, तसं. बाकीची मुलं मूळ फोटोत असतातच. रुंद चौकोनाची चित्रं वेगळी बनवून कुणीतरी बघावी लागतात, आणि तुमच्या बाबांच्या बाबतीत कुणीतरी ती बघितली, ही चांगली गोष्ट.

आता ७ मिमी. एवढ्याशा गाठींपैकी बहुतेक कॅन्सरच्या नसतात. आपल्याकडे तर जगातल्या टीबी रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आहे. जुन्या टीबीच्या बऱ्या झालेल्या जखमा, फुप्फुसातल्या छोट्या लसीका ग्रंथी, कधीतरी होऊन गेलेल्या न्यूमोनियाचा वण, असलं बरंच काही एवढ्याच आकाराचं दिसतं. पण वय ६६ आणि बिडीचा इतिहास आहे, म्हणून "काही नाही हो" म्हणून फाइल बंदही करायची नाही.

यासाठी जगभर फ्लाइश्नर सोसायटी या छातीच्या तज्ज्ञांच्या संस्थेचे २०१७चे नियम वापरतात. ३५ वर्षांवरच्या, आधी कॅन्सर नसलेल्या आणि प्रतिकारशक्ती ठीक असलेल्या माणसांसाठी ते आहेत. ६ मिमीपेक्षा लहान सॉलिड गाठ असेल आणि जोखीम कमी असेल, तर पुन्हा तपासणीची गरजच नाही. ६ ते ८ मिमी असेल तर काही महिन्यांनी पुन्हा सीटी. ८च्या वर असेल तर ३ महिन्यांत सीटी, पेट किंवा तुकडा काढून तपासणी, यापैकी काय ते ठरवायचं. हृदयाच्या सीटीत अर्धीच छाती दिसते, म्हणून त्यांनी त्याची वेगळी नोंद केली आहे: ६ ते ८ मिमीची गाठ असेल तर जोखमीप्रमाणे ३ ते १२ महिन्यांनी संपूर्ण छातीचा सीटी करावा. 'संपूर्ण' हा शब्द महत्त्वाचा. फुप्फुसांची वरची टोकं हृदयाच्या सीटीत येत नाहीत, आणि फुप्फुसाचा कॅन्सर वरच्या भागात जास्त आढळतो.

मामांना सांगा, ८ मिमीच्या खाली पेटवर भरवसा ठेवता येत नाही. गाठ बारीक असली की कॅन्सर असूनही ती उजळत नाही, आणि टीबीची असेल तर कॅन्सर नसतानाही उजळते. दोन्हीकडून घोळ. आत्यांना सांगा, सुईने पसरतं ही भीती फार मोठी करून सांगितली जाते, प्रत्यक्षात तसं अगदी क्वचित घडतं. बायॉप्सी नको म्हणतोय ते वेगळ्या कारणाने: श्वासाबरोबर हलणाऱ्या फुप्फुसात ७ मिमीवर नेम धरणं कठीण, आणि फुप्फुसाला भोक पडून हवा बाहेर साठण्याचा धोका असतो.

आता एक काम करा. अँजिओच्या आधी कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साठलेलं कॅल्शियम मोजणारा सीटी) केला असेल तर ती चित्रं डाय, म्हणजे रक्तवाहिन्या उजळवणारं औषध, न देता काढलेली असतात. त्यात ही गाठ चुनखडीसारखी पूर्ण पांढरी आहे का, ते त्याच सेंटरच्या रेडिओलॉजिस्टना बघायला सांगा. संपूर्ण किंवा बरोबर मध्यभागी कॅल्शियम साठलेलं असेल तर विषय तिथेच संपतो. नवीन तपासणी नाही, नवीन खर्च नाही.

सडासारवण

डॉक्टर, खूप खूप आभार. हे सगळं आम्हाला कुणी बसून सांगितलंच नव्हतं. सेंटरला फोन केला, ते कॅल्शियम स्कोअरची चित्रं उद्या बघून सांगतो म्हणाले. पुन्हा सीटी म्हणजे पुन्हा रेडिएशन, त्याचं काय?

फिल्मवाला

फक्त नोड्यूल बघायला लो-डोस सीटी करतात, डाय लागत नाही. साधारण १.५ मिलीसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं एकक). निसर्गातून आपल्याला वर्षाकाठी जगभरच्या सरासरीने २.४ मिलीसिव्हर्ट मिळतंच. ६६व्या वर्षी त्याची काळजी करू नका. फक्त पर्चीवर 'लो-डोस, विदाउट काँट्रास्ट' असं लिहून घ्या. नाहीतर सवयीने डायवाला करून मोकळे होतात.

पिंपळपार

वाईट वाटून घेऊ नका, पण मला हा सगळा प्रकारच पटत नाही. माणूस गेला हृदय तपासायला. हृदय चांगलं निघालं. तरी आता दोन वर्षं तो दर सीटीआधी रात्रभर जागणार. दक्षिण कोरियात थायरॉइडची सरसकट सोनोग्राफी सुरू झाली आणि २०११ साली थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण १९९३च्या १५ पट झालं. मृत्यू? तेवढेच राहिले. म्हणजे हजारो लोकांचे गळे विनाकारण कापले, आणि त्यातल्या बहुतेकांच्या नशिबी जन्मभराची गोळी आली. अमेरिकेत तक्रार नसलेल्या माणसांच्या फुप्फुसांची सीटीने चाळणी करणारा मोठा प्रयोग झाला, त्यात पॉझिटिव्ह आलेल्या तपासण्यांपैकी ९६ टक्के खोट्या निघाल्या. हृदयाच्या सीटीत हृदयच बघा, बाकीचा चौकोन उघडूच नका, असं म्हणणारे डॉक्टरही आहेत. मला त्यांचं पटतं.

दुपारचा_चहा

पिंपळपार, तुमचे आकडे खरे असतील. आमच्या घरातलं सांगते. सासूबाईंना छातीत दुखायचं, सीटी अँजिओ झाली, रक्तवाहिन्या स्वच्छ. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं: डाव्या स्तनात दीड सेंटिमीटरच्या आसपासची गाठ, मॅमोग्राफी करावी. हाताला काही लागत नव्हतं, त्या स्वतः कधी बोलल्याही नसत्या. मॅमोग्राफी, सोनोग्राफी, बायॉप्सी झाली आणि कॅन्सर निघाला. काखेतल्या ग्रंथींपर्यंत पोचला नव्हता. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, आता गोळी चालू आहे आणि सध्या त्या आम्हाला पुरणाच्या पोळ्या लाटायला शिकवताहेत. तो चौकोन उघडला नसता तर?

सडासारवण, बाबांना सांगा. फाइल त्यांच्याच हातात असणार, कधीतरी ते वाचतीलच. तुमच्याकडून कळलेलं बरं.

पिंपळपार

सासूबाईंना दीर्घायुष्य लाभो, मनापासून. पण एका गोष्टीवरून धोरण ठरत नाही.

फिल्मवाला

पिंपळपार, भांडण योग्य जागी आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

तुम्ही सांगितलेल्या अमेरिकन प्रयोगाचं दुसरं अर्धं वाक्यही सांगायला हवं. २०११ साली निकाल आला, ५३ हजारांहून जास्त माणसं होती, ५५ ते ७४ वयाची, भरपूर सिगरेट ओढलेली. लो-डोस सीटी केलेल्या गटात फुप्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. ९६ टक्के खोट्या घंटा आणि २० टक्के कमी मृत्यू, दोन्ही एकाच प्रयोगातले. त्या खोट्या घंटांमुळेच तर २०१७मध्ये फ्लाइश्नरने कमी जोखमीच्या लोकांसाठी ६ मिमीखालच्या गाठी सोडून द्यायला सांगितलं. आधीचे नियम याहून कडक होते. पूर्वी ४-५ मिमीच्या ठिपक्यांसाठी आम्हीच माणसांना पुन्हा पुन्हा बोलवत होतो, ते आता बंद झालंय.

पण चौकोन उघडूच नये हे मला मान्य नाही. ही चाळणी नव्हे. रुग्ण तक्रार घेऊन आला आहे. छातीतल्या दुखण्याचं कारण हृदयाबाहेर असू शकतं: फुप्फुसातली गुठळी, महाधमनी फाटणं, अन्ननलिकेपाशी वर सरकलेलं जठर. ते शोधायला बाहेर बघावंच लागतं. मग फुप्फुसातली गुठळी बघायची आणि शेजारची गाठ दिसली की डोळे मिटायचे, हे कसं जमणार?

माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. 'क्लिनिकल कोरिलेशन करावे' हे वाक्य. माझ्याच धंद्यातलं आहे म्हणून जास्त राग येतो. हात झटकायला ते फार सोयीचं आहे. कुणी करायचं कोरिलेशन? कधी? कार्डिओलॉजिस्ट ब्लॉकेज किती ते बघतात आणि पान उलटतात. घरचे 'स्टेंट नको' ऐकून निघून जातात. शेवटची ओळ कुणाचीच नसते. जागा, आकार, सॉलिड की विरळ, पुढची तपासणी कोणती आणि किती महिन्यांनी, एवढं लिहायला दोनच ओळी जास्त लागतात. गाठ मोठी किंवा काटेरी कडांची असेल तर मी ज्या डॉक्टरांनी पाठवलंय त्यांना फोन करतो. रुग्णाला फोन करायची पद्धत आपल्याकडे नाही. असायला हवी, असं माझं मत.

इको_खोली

फिल्मवाल्यांनी सीटीचं सांगितलं, मी इकोबद्दल थोडी भर घालतो. (फिजिशियन, इको स्वतः करतो.)

टूडी इको करताना एक खिडकी बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली असते. तिथून प्रोब यकृतातूनच हृदयाकडे बघतो. त्यामुळे यकृतातल्या गाठी, पाण्याचे फुगे, पोटातलं पाणी हे सगळं वाटेत दिसतं. आणि खालची महाशीर दिसते, पोटातलं रक्त हृदयाकडे आणणारी.

एका रुग्णाच्या पायांवर सूज होती, हृदय कमजोर झालंय का ते बघायला पाठवलं होतं. हृदय व्यवस्थित आकुंचन पावत होतं. पण महाशिरेत एक लांबट गोळा, थेट हृदयाच्या उजव्या कप्प्याच्या दारापर्यंत आलेला. पहिल्यांदा वाटलं रक्ताची गुठळी. सोनोग्राफी केली तर उजव्या किडनीत मोठी गाठ. किडनीच्या कॅन्सरला ही खोड आहे, शिरेच्या आतून वर चढायची. ४ ते १० टक्के रुग्णांमध्ये तो महाशिरेपर्यंत पोचतो. लघवीची एकही तक्रार नव्हती त्या माणसाची. यकृताचा कॅन्सरही याच वाटेने वर येऊ शकतो.

तसंच हृदयाभोवती पाणी साठणं. आपल्याकडे आधी टीबी आठवतो आणि बऱ्याचदा तोच असतो. पण फुप्फुसाचा किंवा स्तनाचा कॅन्सर कधी कधी या पाण्यातूनच पहिल्यांदा उघडकीला येतो. हृदयात जन्मलेल्या गाठी दुर्मिळ, दुसरीकडून हृदयापर्यंत आलेल्या त्यांच्या कितीतरी पट जास्त. म्हणून हृदयात किंवा त्याच्या आवरणात काही दिसलं की आम्ही आधी बाहेर शोधतो.

आणि फसगत होते तीही सांगतो. डाव्या कप्प्याच्या मागे मोठा गोळा दिसतो, नवा डॉक्टर घाबरतो. रुग्णाला सोडा प्यायला द्या. गोळ्यात बुडबुडे दिसू लागले की समजायचं, ते वर सरकलेलं जठर आहे.

चकलीसोऱ्या

सोडा 😄 हे भारी आहे. खर्च २० रुपये.

गामाबाई

न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये टेक्नॉलॉजिस्ट आहे, आमच्या खोलीचंही सांगते. हृदयाला रक्त पुरतं का ते बघायच्या तपासणीला लोक अजून 'स्ट्रेस थॅलियम' म्हणतात, पण हल्ली बहुतेक ठिकाणी टेक्नेशियमचं सेस्टामिबी हे किरणोत्सारी औषध देतात. हृदयाचा स्नायू ते शोषून घेतो. पण ज्या पेशींमध्ये मायटोकाँड्रिया (पेशीतली ऊर्जाघरं) भरपूर असतात अशा कुठल्याही पेशी ते शोषतात, त्यात काही गाठीही आल्या. मानेतल्या पॅराथायरॉइडच्या गाठी शोधायला मुद्दाम हेच औषध वापरतात.

कॅमेरा रुग्णाभोवती फिरतो तेव्हा जी कच्ची चित्रं मिळतात, ती आधी सिनेमासारखी फिरवून बघायची असतात. रुग्ण हलला का ते तपासायला. आमच्या सरांचा नियम होता की त्यात छाती, काख, मान हेही बघायचं. स्तनात, फुप्फुसात किंवा छातीच्या हाडामागे वेगळा उजळ ठिपका दिसला की तसा शेरा. पण यकृत, पित्ताशय, आतडं उजळतंच, औषध तिथूनच बाहेर पडतं. ते बघून कुणी घाबरू नये. रिपोर्टवर रंगीत गोल चित्रं तेवढी छापली जातात, कच्ची चित्रं रुग्णाला मिळतही नाहीत.

फिल्मवाला

बरं झालं लिहिलंत. एमआरआयलाही हेच. हृदयाच्या एमआरआयच्या सुरुवातीला जागा ठरवण्यासाठी ओझरती चित्रं काढतात, त्यात यकृत, किडनीचा वरचा भाग, पाठीचा कणा येऊन जातो. पुढच्या सुंदर हलत्या चित्रांच्या नादात ती पहिली चित्रं कुणी उघडत नाही.

आणि छातीच्या हाडामागच्या गाठीवरून आठवलं. थायमस ग्रंथीची गाठ अशीच अँजिओत सापडते. ती सापडली की रुग्णाला विचारायचं, संध्याकाळी पापण्या जड होतात का, एकाचं दोन दिसतं का. मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा स्नायूंचा आजार आणि ही गाठ अनेकदा जोडीने असतात, आणि पापण्यांचं कुणी सांगत नाही कारण त्यांना ते थकवा वाटतं.

थेम्सकाठी

इंग्लंडमध्ये इतकी वर्षं काढल्यावर तिकडचं ऐकून गंमत वाटते आणि हेवाही. इथे अँजिओत असं काही निघालं की रिपोर्टवर अलर्ट लागतो, आणि संशय दाट असेल तर केस फुप्फुसवाल्यांच्या साप्ताहिक बैठकीत जाते. छातीचे डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट, सर्जन एकत्र बसतात. पत्र घरी येतं. पण सीटी मिळेपर्यंत वाट बघावी लागते, तिकडे त्याच दिवशी होतो.

इथले नियम ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीचे, २०१५चे. त्यात ५ मिमीखालच्या गाठी सोडतात, आणि ६ मिमी किंवा मोठी पण ८च्या आतली असेल तर ३ महिन्यांनी सीटी. लांबी-रुंदीपेक्षा घनफळावर जास्त भर असतो.

सडासारवण

अहो, एक म्हणतं ३ महिने, एक म्हणतं ३ ते १२. मग नक्की कधी? कॅल्शियम स्कोअरच्या चित्रांत गाठ अगदी कडेला अर्धवट आलीय, ठाम सांगता येत नाही म्हणाले.

फिल्मवाला

दोन्ही बरोबर आहेत. सॉलिड कॅन्सर असेल तर त्याचं घनफळ दुप्पट व्हायला साधारण १०० ते ४०० दिवस लागतात. आणि घनफळ दुप्पट झालं तरी व्यास फक्त २६ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे ७ची पावणेनऊ-नऊ मिमी. पुढच्याच महिन्यात सीटी केला तर काहीच कळणार नाही, उलट २ मिमीच्या आतला फरक मोजण्यातल्या चुकीचाही असतो. बिडीचा इतिहास बघता मी ३ महिन्यांच्या बाजूला झुकेन, पण अंतिम शब्द छातीच्या डॉक्टरांचा.

थांबा, एक राहिलंच. बाबांना कोविड झाला होता का? तेव्हा छातीचा एचआरसीटी (फुप्फुसांचा बारकाईने काढलेला सीटी) केला होता का?

सडासारवण

हो! २०२१च्या दुसऱ्या लाटेत. स्कोअर २५पैकी ९ का काहीतरी होता. फाइल आईच्या कपाटात साड्यांखाली असेल.

फिल्मवाला

शोधा. आजच. कोविडच्या त्या दोन वर्षांत महाराष्ट्रात घराघरातल्या माणसांचे छातीचे सीटी झाले. तेव्हा वाया गेले असं लोक म्हणायचे, पण आता अनेकांकडे तुलनेसाठी जुनं चित्र आहे. सॉलिड गाठ दोन वर्षांहून जास्त काळ जागच्या जागी तेवढीच असेल तर ती निरुपद्रवी धरतात. त्या वेळच्या रिपोर्टमध्ये गाठीचा उल्लेख नसला तरी हरकत नाही. तेव्हा आम्ही दिवसरात्र फक्त स्कोअर लिहीत होतो. चित्रात असेल तर दिसेल.

फिल्मचे मोबाइलवर फोटो काढून पाठवू नका. काहींनी आत्ताच मला व्यक्तिगत निरोपात पाठवलेत, त्यात ट्यूबलाइट जास्त दिसते. सीडी हवी, डायकॉम फाइल (यंत्रातली मूळ चित्रं) असलेली. सीडी खराब झाली असेल तर त्या सेंटरला विचारा, सर्व्हरवर असू शकते.

पिंपळपार

हे मात्र मला पटलं. जुनं आधी बघा, नवीन नंतर.

चकलीसोऱ्या

+१. मी पण कपाट उघडलं. सासऱ्यांच्या तीन सीडी निघाल्या, एकीवर 'लग्न २०११' लिहिलंय.

सडासारवण

अपडेट देते. उशीर झाला, माफ करा.

सीडी सापडली, पण लॅपटॉपला सीडीची जागाच नाही. शेवटी भाचीच्या कॉलेजमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडली आणि पेनड्राइव्हवर घेतली. बाबांनाही सगळं सांगितलं. ते म्हणाले, "एवढंच ना? मला वाटलं कुणाचं लग्न मोडलं, सगळे कुजबुजताय ते."

छातीच्या डॉक्टरांनी दोन्ही सीटी शेजारी शेजारी लावून दाखवले. २०२१मध्ये त्याच जागी गाठ होती! तेव्हाची त्यांनी मोजली ती ६ मिमीच्या आसपास. रिपोर्टमध्ये तिचा शब्दही नव्हता. इतक्या वर्षांत एक मिमीचा फरक, तोही मोजण्यातला असू शकतो म्हणाले. कडा गुळगुळीत आहेत, जुन्या संसर्गाची खूण वाटते. तरी बिडीमुळे आणि वरची फुप्फुसं यावेळी दिसली नव्हती म्हणून एक लो-डोस सीटी काही महिन्यांनी करू, तो ठीक आला की पुन्हा येऊ नका, असं सांगितलं. पर्चीवर 'लो-डोस' मी स्वतः लिहून घेतलं.

जिना चढतानाच्या दडपणासाठी कार्डिओलॉजिस्टच्या गोळ्या चालू आहेत. तपासताना श्वासाची फुंकायची टेस्टही केली, त्यात बिडीने फुप्फुसं थोडी अरुंद झालेली निघाली, त्याचा पंप दिलाय. आता जिना बराच सुसह्य आहे म्हणतात. म्हणजे दडपणाचं निदान खरं तर त्या शेवटच्या ओळीमुळे झालं.

इको_खोली

उत्तम. पंप ओढून झाल्यावर चूळ भरायला सांगा, बहुतेक जण विसरतात.

थेम्सकाठी

फार छान बातमी. बाबांना नमस्कार सांगा.

मोगरा_मिरज

याच धाग्यावर विचारू का? आईची सीटी अँजिओ झाली, वय ५८. हृदयात काही नाही, पण 'यकृताच्या उजव्या भागात ११ मिमीचा ठिपका, डाय घेणारा' असं लिहिलंय. साखर आहे, दुसरं काही नाही. कॅन्सर कधी नव्हता.

फिल्मवाला

विचारा की. हृदयाच्या अँजिओत चित्रं काढायची वेळ अशी साधतात की डाय नुकतीच धमन्यांमध्ये पोचलेली असते. यकृताला त्याचं मुख्य रक्त दुसऱ्या वाटेने, पोटातून येणाऱ्या शिरेतून मिळतं, ते अजून यायचं असतं. त्यामुळे त्या क्षणी यकृत पुरेसं उजळलेलं नसतं आणि त्यावरून काही ठरवता येत नाही. यकृतातली सगळ्यात जास्त आढळणारी साधी गाठ म्हणजे हिमॅन्जिओमा, रक्तवाहिन्यांचा गुंता. तो काही करत नाही.

आधी साधी सोनोग्राफी करा, सकाळी उपाशीपोटी. साखरेच्या गोळ्यांची वेळ डॉक्टरांना विचारून घ्या. जाताना सीटीची सीडी बरोबर न्या आणि ठिपका नेमका कुठे आहे ते सोनोग्राफी करणाऱ्यांना आधी दाखवा, नाहीतर ते भलतीकडे शोधत बसतील. सोनोग्राफीत हिमॅन्जिओमासारखा दिसला आणि आईला कावीळ बी-सी किंवा सिरॉसिस नसेल तर बहुधा तिथेच थांबतील. शंका राहिली तर यकृताचा एमआरआय. पेट नको.

मोगरा_मिरज

कावीळ बी-सी कधी तपासलीच नाही.

फिल्मवाला

मग सोनोग्राफीच्या दिवशीच रक्तही द्या. दोन्हीचे रिपोर्ट आले की इथे लिहा, नावं झाकून.